कौतुकाचं बाळ

उर्मिलेच्या पोटातलं बाळ कौतुक ऐकलं की वाढायचं. बुधकरांच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच सगळे न चुकता कौतुक करत. लहानखुरं जन्मायची त्यांच्याकडे पद्धतच नव्हती.

प्रसूतीच्या खोलीतही मंडळी आली. नुसती टाळू दिसली, तरी आत्याबाई म्हणाल्या, "अगंबाई, कपाळ बघा, कसं भव्य!"

बाळ थांबलं. ऐकलं. मागे सरकून खांद्यात रुंद झालं.

"सिस्टर, मला कुशीवर वळू द्या हो," उर्मिला कळवळली.

"इथे सगळ्या उताण्याच असतात."

डॉक्टर आले. "पहिलटकरीण, पस्तिशी उलटलेली, मूल थोराड, कळा देऊन केव्हाची दमलीय. चिमटा लावून बाळ ओढू."

"खालचं फाटेल का?"

"खालचे स्नायू झोळीसारखे असतात, ताणायचेच. बाळ सुखरूप येईल."

"मी माझं विचारतेय."

हे कोण बोललं म्हणून डॉक्टरांनी खोलीभर पाहिलं. पोटाशिवाय कोणी दिसलं नाही.

कोपऱ्यात स्टुलावर सासूबाई, आक्का, मांडीला मांडी घट्ट आवळून बसल्या होत्या. उर्मिलेचा नवरा विनायक झाला तेव्हापासून जरा जोर पडला की त्यांचं अंग बाहेर येई. तेव्हापासून त्या शिंकल्या नव्हत्या, हसल्या तर नव्हत्याच. उर्मिलेला मात्र खदखदून हसायची सवय होती, तीही उभ्याउभ्या.

"आक्का, तुम्ही तरी वाईट बोला ना त्याला! मला तुमच्यासारखं बसायचं नाही हो जन्मभर!"

आक्का उठल्या. "नकटं आहे," त्या म्हणाल्या. "किडमिडीत. बापासारखं ऐदी."

बाळ वीतभर आकसलं. उर्मिलेला श्वास घेता आला.

"आई, काय हे अभद्र!" विनायक म्हणाला.

"आणखी, आक्का! थांबू नका!"

"आणि घोरतं बापासारखं, म्हशी बुजतील असं..." एवढं बोलल्या आणि आक्कांना हसू आलं. इतक्या वर्षांचं सगळं एकदम. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, गुडघे आवळले आणि मटकन स्टुलावर बसल्या.

तेवढ्यात विनायक बायकोच्या पोटाशी वाकला आणि प्रेमाने म्हणाला, "मनावर घेऊ नकोस रे. वाघ आहेस तू माझा."

"नको!" उर्मिला ओरडली, पण बाळाने ऐकलं होतं; ते पुन्हा वाढू लागलं.

डॉक्टरांनी चिमटा उचलला. टेबलाखालची फरशी हळूहळू झोळीसारखी खोल होऊ लागली, आणि त्या उतारावरून आक्का, तोंड दाबून, स्टुलासकट, उर्मिलेकडे घसरत येऊ लागल्या.