कोलार्डची दुपार

चर्चच्या जेवणात कोलार्डची, म्हणजे कोबीच्या जातीच्या रुंद पानांची, भाजी न्यायची ती ओझेलानंच, हे दक्षिण जॉर्जियातल्या त्या गावात ठरूनच गेलं होतं. नवरा गेला, मुलं अटलांटाला पांगली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तिचं पातेलं कधी अर्धंसुद्धा उरलं नाही. मग शेजारी व्हर्डीन आली. जन्मभर डेट्रॉइटला बस चालवून, निवृत्त होऊन आईच्या घरी परतलेली. तिला वाफा कसा करतात तेही ठाऊक नव्हतं. ओझेलानंच शिकवलं. आणि गेल्या वर्षीच्या जेवणात पाद्रीबाबांनी ओझेलाचं पातेलं ओलांडून दुसऱ्यांदा वाढून घेतली ती व्हर्डीनची भाजी.

"मिस ओझेला, चेली गुरूला भारी पडली की!" कुणीतरी म्हणालं.

ओझेला हसली. घरी येऊन तिनं उरलेली भाजी कोंबड्यांना घातली.

यंदा तर व्हर्डीनची पानं सुपाएवढी झाली होती. ओझेला कुंपणाशी शेंगा सोलत बसे, पण लक्ष सगळं पलीकडे. एका दुपारी तिला दिसलं, कडेची दोन-तीन रोपं ओल्या फडक्यासारखी माना टाकून पडली होती. संध्याकाळी ती पुन्हा ताठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ओझेलानं ओळखलं. तिच्या वडिलांच्या शेताचा एक पट्टा मुळांना गाठी आणणाऱ्या या रोगानंच खाल्ला होता. पोटात एक गोड गुदगुली झाली.

व्हर्डीन कुंपणाशी आली. "मिस ओझेला, जरा बघता का? खालची पानं पिवळी पडताहेत. कीड तर दिसत नाही."

"उन्हानं होतं तसं," ओझेला शेंगांवरची नजर न काढता म्हणाली. "पाणी वाढव."

त्या रोगाला ओली जमीनच हवी असते, हे तिला पक्कं माहीत होतं.

व्हर्डीन सकाळ-संध्याकाळ नळी धरून उभी राहू लागली. रोपं एकामागून एक बसत गेली. ओझेलाला जेवण गोड लागायला लागलं. एके दिवशी रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून व्हर्डीनला म्हणाली, "अगं, किती पाणी घालतेस! बुडवशील त्यांना."

"मिस ओझेलांनी सांगितलंय," व्हर्डीन म्हणाली. "कोलार्डच्या बाबतीत त्यांचा शब्द चुकायचा नाही."

ओझेलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग फावडं घेऊन पलीकडे गेली आणि एक रोप मुळासकट उपटलं. मुळं आल्याच्या कांड्यांसारखी सुजलेली होती.

"पाणी बंद कर. आजारी रोपं उपटून पिशवीत बांध, खतात टाकू नकोस. चांगल्यांच्या बुडाशी चुना घालू, वाचली तर वाचली. फावडं-बूट धुतल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही."

व्हर्डीननं ते मूळ उलटंपालटं करून पाहिलं. "तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"हो."

"आणि तरी मला पाणी घालायला लावलंत?"

"हो. तुझी पानं बघवत नव्हती मला."

व्हर्डीननं नळ बंद केला. अंधार पडेपर्यंत दोघी रोपं उपटत राहिल्या. शेवटी व्हर्डीन म्हणाली, "या जमिनीत पुन्हा कोलार्ड कधी?"

"सात वर्षं तरी नाही. घेवडा लाव, मका लाव."

"म्हणजे सात वर्षं पाद्रीबाबा तुमचेच."

ते ऐकून ओझेलाच्या मनात आनंदाची उकळी फुटली, आणि तिची तिलाच शिसारी आली. "माझ्या परसात, वरच्या अंगाला एक वाफा मोकळा आहे," ती घाईघाईनं म्हणाली, जणू उशीर झाला तर शब्द फिरेल.

हिवाळाभर व्हर्डीन ओझेलाशी बोलली नाही. वसंतात मात्र रोपांचा ट्रे घेऊन फाटकाशी उभी राहिली. "चुना घातलाय ना तिथं?" एवढंच विचारलं.

रोपं लागली, वाढली. ओझेला रोज सकाळी आपला वाफा बघायची, मग तिचा. व्हर्डीनची पानं जास्त रुंद होती. नक्कीच रुंद होती. ओझेला दात-ओठ खायची, आणि दोन्ही वाफ्यांना सारखंच पाणी घालायची.