पहिल्या श्रेणीचे बाकडे

मित्रांनो, मी एक जुने बाकडे आहे. निदान माझी तरी तशी समजूत आहे. कॉलेजच्या दप्तरी मात्र मी बाकडे नाही, ‘चार स्वतंत्र अभ्यास-आसने’ आहे. एकट्या जिवाला एवढी बढती क्वचितच मिळते. ती कशी मिळाली आणि कुणाला महागात पडली, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

मिस्त्रींनी मला दार म्हणून कापायला घेतले होते. माप चुकले. ‘दार नाही तर नाही, बाकडं तर होईल,’ असे म्हणून त्यांनी मला पाय लावले. पुढे ज्या कायद्याच्या कॉलेजात माझे आयुष्य गेले, तिथली बरीच मुलेही डॉक्टर व्हायला निघून तिथे पोचली होती. त्यामुळे आमचे पहिल्या दिवसापासून जमले.

कॉलेज लहान होते. जिन्याखाली सायकली ठेवायची एक खोली होती. सायकली गेल्या, खोली उरली. तिथे मोफत कायदे-सल्ला केंद्र निघाले आणि मी त्यातले एकमेव सामान झाले. टेबल नव्हते, कारण केंद्र चालवणाऱ्या बाईंना ते चालत नसे. आलेला माणूस आणि सल्ला देणारा विद्यार्थी, दोघांनी माझ्यावर शेजारी-शेजारी बसायचे, कागद दोघांच्या मांडीवर अर्धा-अर्धा. बाई मुलांना सांगत, “समोर बसलात की माणूस उत्तरं देतो. शेजारी बसलात की बोलायला लागतो.”

आणि माणसे बोलत. एका गृहस्थांना मेहुण्यावर बदनामीचा दावा लावायचा होता. मेहुण्याने सगळे खरे तेच सांगितले होते, हीच त्यांची तक्रार होती. एक आजोबा दर आठवड्याला मृत्युपत्र बदलून घेत आणि जाताना विचारत, “आता सुनेला कळवू का, की अजून थोडं घाबरवू?” मी सगळ्यांचे वजन पेलले. त्या काळात माझ्या पाठीचे पॉलिश दोनच जागी झिजले होते, अगदी जवळजवळ. आता तिकडे पाहिले की उगाच गलबलते.

तिथेच शिवणकाकू आल्या. एका खोलीत राहत, तिथेच शिवणयंत्र चालवत आणि गल्लीतल्या शर्टांच्या झिजलेल्या कॉलरी उलटून देत. जुन्या मालकाने खोली तोंडी शब्दावर दिली होती. नव्या मालकाला तिथे मोटार लावायची होती.

“म्हणतो, मोटारीला ऊन लागतं,” काकू म्हणाल्या. “मला काय सावलीत वाढवलंय?”

मालकाने दावा लावला होता. ठरलेल्या तारखेच्या आत काकूंनी कोर्टात लेखी उत्तर दिले नाही, तर मालकाचेच ऐकून निकाल लागणार होता. ते उत्तर लिहायचे काम एका उंच, धांदरट मुलीकडे आले. कँटीनचा चहा पातळ आहे म्हणून तिने एकदा थेट प्राचार्यांकडे दाद मागितली होती. तेव्हापासून मुले तिला ‘अपील’ म्हणत. अपील काकूंच्या शेजारी बसून लिहायची, काकू बोलता बोलता तिच्या ओढणीचा उसवलेला काठ शिवायच्या. दोघींचे काम बरोबरीने पुढे सरकत होते.

मग, मित्रांनो, क्रमवारी आली.

देशातल्या कायद्याच्या कॉलेजांच्या म्हणे श्रेण्या असतात. आमचे कॉलेज तिसऱ्या श्रेणीत होते, कारण चौथी नव्हती. श्रेणी कशावरून ठरते, हे समजून घ्यायला प्राचार्यांनी बैठक बोलावली आणि मी बाहेर व्हरांड्यात वाळत ठेवलेले असल्यामुळे सगळे ऐकले. (माझ्यावर कुणीतरी शाई सांडली होती.)

पहिला निकष : जितक्या जास्त अर्जदारांना नकार, तितके कॉलेज मोठे. त्यामुळे नकार देण्यासाठी माणसे गोळा करायची मोहीम निघाली. कँटीनवाल्याने अर्ज केला, माळीदादांनी केला, प्राचार्यांच्या सासूबाईंनी तर जावयासाठी प्रवेश परीक्षाही दिली. त्या पहिल्या आल्या. त्यांना नाकारावे लागले ते प्राचार्यांनाच. घरात त्यांच्याशी अजून कुणी धड बोलत नाही.

दुसरा निकष : इतर प्राचार्यांचे मत. न पाहिलेल्या कॉलेजांना सगळे एकमेकांत गुण देत. आमच्या प्राचार्यांनी अजून बांधूनही न झालेल्या एका कॉलेजाला भरघोस गुण दिले, कारण नाव भारदस्त होते. तिसरा : पास झालेल्यांचे पगार. चौथा : ग्रंथालयातली आसने.

बाईंनी विचारले, “आमचं सल्ला केंद्र कुठल्या रकान्यात येतं?”

“‘इतर’मध्ये,” कारकून म्हणाले.

“आणि ‘इतर’ला गुण किती?”

“‘इतर’ला गुण नसतात बाई. म्हणून तर ते इतर.”

आसने कमी पडत होती. कॅरममधल्या सोंगट्या मोजाव्यात तसे कॉलेजभर फिरून लोकांनी बसण्यासारखे जे दिसेल ते उचलले. मलाही उचलले. ग्रंथालयात नेऊन माझ्यावर आडवे तीन लाकडी हात स्क्रूने बसवले, म्हणजे माझे चार भाग झाले. प्रत्येक भागात एक माणूस मावे, पण त्याने श्वास आत घेतलेला असला पाहिजे. शेजारच्याच्या मांडीवर कागद ठेवणे आता शक्यच नव्हते. जिन्याखालच्या खोलीला कुलूप लागले आणि वर पाटी आली : ‘प्रतिष्ठा संवर्धन कक्ष’. आत काहीच नव्हते.

बाई भांडल्या. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. ते अगदी कळवळून म्हणाले, “बाई, एकदा पहिल्या श्रेणीत जाऊ द्या. मग गरिबांचंच काम करू. तोवर गरिबांनी जरा थांबावं.”

बाईंची रवानगी दुसऱ्या इमारतीत, आकडे भरायच्या कामावर झाली. अपीलने जिन्यातच काकूंना गाठून सांगितले की, उत्तर तयार होतेय, शेवटच्या दिवशी दुपारी या, सही करा, लगेच दोघी कोर्टात जाऊ, चालत दहा मिनिटांवर तर आहे. काकू म्हणाल्या, “तू म्हणशील तसं, बाळा.”

आणि नेमक्या त्याच दिवशी क्रमवारीवाले तपासणीला आले.

सकाळपासून मुलांना ग्रंथालयात वाचत बसवले होते. शांततेला वेगळे गुण होते, त्यामुळे खोकणाऱ्यांना गच्चीवर पाठवले होते. अपील माझ्या टोकाच्या आसनात बसली होती. टाइप केलेले उत्तर तिच्या पिशवीत होते आणि पिशवी तिने घट्ट धरली होती. तिने सुट्टी मागितली, तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, “अगं, तू उठलीस की एक आसन रिकामं दिसेल.”

दुपारी काकू आल्या. जिन्याखालचे कुलूप पाहून त्यांनी शिपाईमामांना विचारले, “इथलं बाकडं कुठं नेलं?” मामांनी बोट वर केले. काकू वर आल्या, मला ओळखले आणि नेहमीच्या जागी, अपीलच्या शेजारी बसल्या. मध्ये तो लाकडी हात होता. त्यांनी त्यावर कोपर टेकवून पाहिले, जमले नाही, मग हात मांडीवर घेतला.

“झाला का गं कागद?” त्या कुजबुजल्या.

तेवढ्यात तपासणीस आत आले. अपील उठायला लागली. प्राचार्यांनी लांबूनच दोन्ही हात जोडले. विनंतीपुढे ती विरघळली, पुन्हा बसली. धमकी दिली असती तर नक्की उठली असती, असे मला अजून वाटते.

तपासणीसांची नजर काकूंवर गेली. “या?”

“विद्यार्थिनी,” प्राचार्य म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला असावा. “आमच्याकडे वयाची अट नाही.”

तपासणीस भारावले. माझ्यापुढे वाकून त्यांनी आदराने विचारले, “काय शिकताय आजी?”

“खोली कशी वाचवायची, ते.”

तपासणीसांनी लिहून घेतले : मालमत्ता कायदा, विशेष अभ्यास. मग त्यांनी खोलीबद्दल विचारले, मालकाबद्दल विचारले, मोटारीबद्दल विचारले. काकूंचे जन्मात कुणी इतके नीट ऐकून घेतले नव्हते. त्या उलगडून बोलत राहिल्या. तपासणीस मान डोलावत ‘विद्यार्थ्यांचे विषयाशी नाते’ या रकान्यात गुण वाढवत राहिले. अपील दोनदा म्हणाली, “सर, आम्हाला कोर्टात जायचंय.” दोन्ही वेळा प्राचार्य म्हणाले, “हो हो, फोटो झाला की.” फोटोवाला काच पुसत होता.

फोटो झाल्यावर काकू हसून म्हणाल्या, “चला, साहेबांनी सगळं लिहून घेतलं. बरं झालं बाई, कोर्ट इकडंच आलं.”

“काकू, ते कोर्ट नव्हतं,” अपील म्हणाली. मग तिने काकूंचा हात धरला आणि दोघी धावल्या. काकूंची एक चप्पल जिन्यात राहिली. शिपाईमामा ती घेऊन मागे धावले.

त्या पोचल्या तेव्हा कोर्टाची कागद घ्यायची खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी अपीलने न्यायाधीशांना उशिराचे कारण सांगितले. ग्रंथालयाची आसने मोजायची होती म्हणून बसवून ठेवले, ही सबब कुठल्याच कायद्यात दिलेली नाही. उत्तर घेतले गेले नाही. निकाल मालकाचेच ऐकून लागला. वरच्या कोर्टात जाऊ या, असे अपील कळवळून सांगत होती. काकू म्हणाल्या, “नको बाळा. आता मला फार वेळ बसवत नाही.” त्या यंत्र घेऊन लांबच्या भाचीकडे गेल्या.

कॉलेज पहिल्या श्रेणीत आले. माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर काकूंचा फोटो आहे, खाली लिहिले आहे : ‘येथे प्रत्येकासाठी जागा आहे’. त्यांच्या मागे थोडेसे मीही दिसते. प्राचार्यांनी शब्द पाळायचा प्रयत्न केला, पण पहिल्या श्रेणीत टिकायचे निकष त्याहून कडक निघाले. केंद्र ‘इतर’मध्येच राहिले.

आता मला दर महिन्याला पॉलिश होते. वाचायला कुणी येत नाही, कारण बसून पाहिलेले पुन्हा येत नाहीत. मागे एकदा अपील आली. तिने पिशवीतून पेचकस काढला आणि तिच्या आणि काकूंच्या जागेमधला हात सोडवायला घेतला.

ग्रंथपाल दबक्या आवाजात म्हणाले, “अगं, एक आसन कमी होईल!”

“होऊ दे की, सर.”

हात निघाला. ती बसली आणि शेजारी मांडीएवढी जागा ठेवून बराच वेळ दाराकडे बघत राहिली. त्या दारातून आता ओळखपत्राशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. ती उठून गेली, तेव्हा पेचकस माझ्यावरच राहिला होता.

मित्रांनो, कुठल्याही शाळा-कॉलेजाचा नंबर तुम्हाला कुणी सांगितला, तर ऐकून घ्या. आकडा बिचारा सांगितले तेवढेच बोलतो. पण एकदा आत जाऊन बघा, तिथे दमून आलेल्या माणसाला कुणाच्या शेजारी बसता येते का. आणि माझ्यासारख्या बाकड्याची निगा राखावीशी वाटली, तर पॉलिश राहू द्या. या, बसा, थोडे सरका. शेजारी बसलेल्याचे काम आजचे असेल, तर उठा आणि त्याच्याबरोबर आजच जा.