पंख्याखालची बाजू

मी एक जुने वाळूचे टेबल आहे. मित्रांनो, आजवर माझ्यावर दोन हजारांहून जास्त लढाया झाल्या, तरी माझ्या अंगावर साधा ओरखडा नाही. यात माझे शौर्य काही नाही. माझ्यावरच्या लढाया टाचण्यांच्या झेंड्यांनी होतात आणि चहाची वेळ झाली की थांबतात.

लष्करी अधिकाऱ्यांच्या एका शाळेत, पहिल्या मजल्यावरच्या लांबट खोलीत माझा मुक्काम आहे. एका सुताराने मला याच खोलीत घडवले, कारण माझ्या आकाराचे टेबल दारातून आत येणे शक्यच नव्हते. चारी बाजूंना वीतभर उंच कठडा आणि आत पत्र्याचे अस्तर, अशी माझी बांधणी आहे. सुतार मोठा फटकळ होता. शेवटचा खिळा ठोकून तो म्हणाला, "आता यात जग मांडा नाहीतर कांदे वाळत घाला, हे हलायचं नाही." पुढे एकदा सगळे अधिकारी एकाच कडेवर रेलले, माझा पाय सरकला आणि एक अख्खा डोंगर एका साहेबांच्या बुटात गेला. तेव्हापासून माझे पाय फरशीला बोल्टने पक्के केलेले आहेत.

माझ्यात वाळू भरणारे आणि त्या वाळूला डोंगर-दऱ्यांचे रूप देणारे हवालदार म्हणजे वाळूकाका. त्यांचे खरे नाव हजेरीपटाखेरीज कोणी घेत नाही. काका नकाशा समोर ठेवतात, वाळूवर पाणी शिंपडतात आणि तळहाताच्या कडेने खिंडी कोरतात. हिरवा भुसा म्हणजे गवत, निळी पट्टी म्हणजे नदी, काड्यापेटी म्हणजे इमारत. पाणी किती शिंपडायचे हे त्यांच्याकडून शिकावे. कमी पडले की डोंगर ढासळतो, जास्त झाले की चिखल. मी त्यांच्या हाताखाली अक्षरशः हजारदा नव्याने जन्मले आहे.

आता आमच्या खोलीची एक गंमत सांगते. खोलीत पंखा एकच आहे आणि तो माझ्या एका लांब बाजूच्या डोक्यावर आहे. पूर्वी वरिष्ठ अधिकारी साहजिकच पंख्याखाली बसत. त्यामुळे ती बाजू आपली, निळ्या झेंड्यांची. समोरची बाजू खिडकीकडची, डोळ्यांवर ऊन येणारी. तिथे सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याला उभे करत आणि लाल झेंडे, म्हणजे शत्रूची बाजू, त्याच्या हाती देत. बिचारा घाम पुसत सरावाला उभा राही आणि समोर बसलेल्या साहेबांना हरवण्याची त्याची काय बिशाद! म्हणून माझ्यावर शत्रू नेहमी चारी मुंड्या चीत होई. हा नियम कुठे लिहिलेला नाही. तो पंख्याने केला.

शाळेच्या वर्धापनदिनी माझा मान मोठा. त्या दिवशी नव्वद वर्षांपूर्वीची बोडक्या टेकडीची लढाई माझ्यावर पुन्हा लढली जाई. शत्रूचे चारशे सैनिक टेकडीवर, आपण त्यांना चहूबाजूंनी घेरतो, सातव्या दिवशी शिखरावर निळा झेंडा. मग टाळ्या आणि सरबत. एका पाहुण्यांनी तर माझा कठडा थोपटून "हे टेबल म्हणजे आपल्या पराक्रमाचा आरसा" असे म्हटले. मी आठवडाभर फुगून होते.

फक्त इतिहासाच्या बाई टाळ्या वाजवत नसत. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरची झोप उडावी. त्या वर्गाला विचारत, "जिंकलो, मान्य. पण चारशेंच्या टेकडीसाठी आपले नऊशे का पडले?" शाळेच्या ग्रंथालयात शत्रूच्या सेनापतीचे एक पत्र होते, ते त्या वाचून दाखवत. त्याने लिहिले होते, 'तुम्ही मागचा रस्ता सोडला असता तर आम्ही पहिल्याच दिवशी उतरलो असतो. तुम्ही तो बंद केलात, मग आम्हाला लढण्यावाचून दुसरे काम उरले नाही.' विद्यार्थी वहीत तारीख लिहीत आणि पत्र विसरून जात. परीक्षेत तारीखच विचारत असत ना!

मग एके वर्षी भिंतीवर मोठा पडदा आला. त्यात लढाया आपोआप होत. शत्रू कसा हवा, सोपा, मध्यम की कठीण, हे बटण दाबून निवडता येई. सगळे 'सोपा' दाबत. माझ्यावर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर जुन्या खुर्च्या आल्या आणि खुर्च्यांवर धूळ. वाळूकाका तेवढे रोज येऊन एक कोपरा उचलत आणि वाळूवर पाणी शिंपडत. "वाळली की मेली," एवढेच म्हणत. मला फार वाईट वाटे, पण रडणार कसे? पाणी बेताचेच होते.

अशात एक दिवस खोलीत धावपळ उडाली. शेजारच्या देशाची एक तुकडी त्याच बोडक्या टेकडीवर चढून बसली होती. बोलणी अडली होती. टेकडीच्या पायथ्याशी आपले ठाणे आणि ठाण्याला लागून एक छोटा दवाखाना. त्या दवाखान्यातली लष्करी डॉक्टर म्हणजे वाळूकाकांची एकुलती एक मुलगी.

शाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, त्यांनी बेत आखला होता. टेकडीमागचा रस्ता तोडायचा आणि तुकडीला चहूबाजूंनी घेरायचे. तिच्याकडे चार दिवसांचे पाणी आहे, ते संपले की हात वर करून खाली येतील. परराष्ट्र खात्याचे सचिव स्वतः दुसऱ्या दिवशी येणार होते. साहेबांनी बेत मांडून दाखवायचा, सचिवांनी दुपारी वर कळवायचे आणि लगेच सैन्य हलणार.

बाईंनी साहेबांना गाठले. "पडद्यावर नको. टेबलावर मांडू. पडद्यात शत्रू यंत्र असतं, माणूस नसतं."

"मांडा की," साहेब हसून म्हणाले. "निकाल तोच लागणार."

साहेब गेल्यावर बाई काकांना म्हणाल्या, "काका, उद्या टेकडी उलटी मांडायची."

"उलटी म्हणजे? शेंडा खाली?"

"नाही हो! टेबल फिरत नाही, तर मुलूख फिरवा. लाल बाजू पंख्याखाली, निळी खिडकीकडे."

"बाई, साहेब माझी सालटी काढतील."

"माझं नाव सांगा. माझी साल जुनी आहे, सहजासहजी निघायची नाही."

सकाळी सहालाच काका आले. त्यांनी टेकडी उभी केली, मागचा रस्ता आखला, ठाणे मांडले. ठाण्याशेजारी दवाखान्याची काड्यापेटी ठेवली. ती सरळच होती, तरी त्यांनी ती तीनदा सरळ केली.

नऊ वाजता साहेब आले आणि सवयीने पंख्याखालच्या खुर्चीत बसले. समोर लाल झेंडे पाहून दचकले.

"काका, हे काय? सगळं उलटं!"

"बाईंनी सांगितलं, साहेब."

"आता फिरवायचं तर तीन तास लागतील," बाई शांतपणे म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही खिडकीकडे चला."

साहेबांनी खिडकीतले ऊन पाहिले, वर फिरणारा पंखा पाहिला. शेजारी चष्मेवाले सचिव घड्याळ बघत होते. "ठीक आहे," साहेब पुटपुटले. "आज मी शत्रू. काय फरक पडतो!"

मित्रांनो, फरक पडला. साहेबांना हरायची सवयच नव्हती. समोरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याने साहेबांचाच बेत जसाच्या तसा राबवला. रस्ता तुटला, टेकडीला निळ्या झेंड्यांचे कडे पडले. साहेब पुढे वाकले. त्यांचे डोळे बारीक झाले.

"माझ्याकडे पाणी किती दिवसांचं?"

"चार, साहेब."

"मग मी चौथ्या दिवसापर्यंत थांबेन कशाला? तहानेने माणसं गळायच्या आत, आजच, अंगात ताकद आहे तोवर फुटून निघेन." त्यांची छडी टेकडीवरून खाली उतरू लागली. "कडं कुठं पातळ आहे? इथं. ठाण्याच्या या अंगाला. इथून घुसायचं, शेंडी तुटो की पारंबी."

छडीचे टोक काड्यापेटीवर टेकले आणि काड्यापेटी आडवी झाली.

मग वाळूकाका बोलले. साहेबांसमोर न विचारता ते तीस वर्षांत पहिल्यांदाच बोलले. "साहेब, तिथं माझी मुलगी आहे."

साहेबांनी छडी उचलली. तिचे टोक त्यांनी टेकडीमागच्या रस्त्यावर नेले. "मला हा रस्ता उघडा मिळाला असता," ते हळूच म्हणाले, "तर मी निघून गेलो असतो. माझ्या माणसांना घेऊन."

"नव्वद वर्षांपूर्वी शत्रूच्या सेनापतीनं त्या पत्रात हेच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्याच वर्गात होतात. तारीख बरोबर लिहिली होतीत."

साहेबांचे कान लाल झाले. पण मोठा माणूस, मित्रांनो! ते उठले, सचिवांकडे वळले आणि म्हणाले, "बेत माझा होता. चुकला. घेरायचं नाही. मागचा रस्ता मोकळा ठेवायचा आणि आपली पुढची चौकी दोनशे पावलं मागं घ्यायची. कोंडलेलं मांजरसुद्धा अंगावर येतं, ही तर माणसं आहेत."

सचिवांनी चष्मा पुसला. "वाट सोडायची म्हणजे त्यांना नेमकं काय द्यायचं? रस्ता की मान?"

"दोन्ही," साहेब म्हणाले. "रस्ता आम्ही सोडतो. त्यांचा मान राखायचं तुम्ही बघा."

सचिवांनी ते नीट पाहिले. सरहद्दीची मोजणी दोघांनी मिळून करू या, असा निरोप त्यांनी शेजाऱ्यांना धाडला. नवव्या दिवशी शेजाऱ्यांनी 'आमचा सराव पूर्ण झाला' असे जाहीर केले आणि त्यांची तुकडी वाद्ये वाजवत मागच्या रस्त्याने उतरून गेली. सुंठीवाचून खोकला गेला! दोन्ही देशांतल्या वर्तमानपत्रांनी आपापला विजय छापला. छापोत बापडे. त्यात कोणाचे रक्त सांडत नाही.

मोजणीच्या बोलण्यांसाठी त्यांचे काही अधिकारी आमच्या शाळेत आले, तेव्हा त्यांच्यातल्या एका मिशीवाल्या गृहस्थांनी मला निरखून पाहिले. "आमच्याकडेही असंच टेबल आहे," ते म्हणाले. "त्याच्यावर तुम्ही दर वर्षी हरता."

साहेबांनी विचारले, "तुमचे वरिष्ठ पंख्याखाली बसतात का हो?"

"नाही. आमच्याकडे थंडी फार. ते शेगडीजवळ बसतात."

सगळी खोली इतकी हसली की माझी एक टेकडी ढासळली. काकांनी ती तशीच राहू दिली.

आता माझ्यावर ताडपत्री नसते. पंखाही तिथेच आहे, पण त्याच्याखाली कोणत्या बाजूने बसायचे ते आता चिठ्ठ्या टाकून ठरते. सर्वांत हुशार अधिकाऱ्याला लाल बाजू देतात, आणि आता निळी बाजू कधी कधी सपाटून हरते. हरल्यावर वह्यांमध्ये तारखांशिवायही बरेच काही लिहिले जाते.

मागच्या महिन्यात काकांची मुलगी सुटीवर आली होती. तिने बोडकी टेकडी मांडायला लावली आणि काड्यापेटी स्वतःच्या हाताने ठेवली. "बाबा, मी इथं होते," ती म्हणाली. मग तिने टेकडीच्या उतारावर दुसरी काड्यापेटी ठेवली. "आणि हा त्यांचा दवाखाना. त्यांचा डॉक्टर रोज सकाळी मला हात करायचा. आधी मी केला नाही. पाचव्या दिवसापासून करायला लागले."

माझ्यावर तेव्हापर्यंत टेकडीच्या त्या अंगाला झेंड्यांखेरीज कधीच काही मांडलेले नव्हते. नकाशात तो दवाखाना होता की नाही, कोण जाणे. आम्ही तो कधी शोधलाच नव्हता.

मित्रांनो, मी लाकूड, पत्रा आणि वाळू. मला रोज दोन ओंजळी पाणी पुरते. तेवढे कोणीतरी देत राहा, म्हणजे मी वाळून भेगाळणार नाही. आणि एक विनंती. तुम्ही मोठे होऊन कोणी सेनापती व्हाल, कोणी सचिव, कोणी नुसतेच भांडखोर शेजारी. भांडण मांडायची वेळ आली, तर आधी टेबलाला वळसा घालून पलीकडे जा. तिथे ऊन लागेल, लागू द्या. पलीकडून पाहा, आणि तिकडेही कोणी तुम्हाला रोज सकाळी हात करतो आहे का, ते आधी शोधा.