अडीचचं माप

चांदबीने प्रमिलाबाईचा अंगठा तळव्यात दाबून धरला आणि हिरवी बांगडी बोटांच्या गाठींवरून पुढे सरकवली. ती अर्ध्यातच अडली. जरा जोर केला तशी कच्चकन फुटली.

"ह्या जपानी काचमा दमच नई," चांदबी कुरकुरली. "हात सैल सोड वं माय."

"सैलच शे, मावशी."

दुसरीही फुटली, तेव्हा मात्र चांदबी थांबली. प्रमिलाबाई लग्न होऊन कळसाडीत आली तेव्हापासून तिला बांगड्या भरायच्या त्या चांदबीनेच. माप सव्वादोन, कधी बदललं नाही. आज बोटं भरलेली होती, मनगट गोल झालं होतं. हातांच्या बाबतीत शहाद्याच्या ह्या मणियारणीला कुणी शिकवायला नको होतं. तिने तो हात दाबून पाहिला आणि मग हळूच पोटाकडे नजर टाकली.

"पाळी उनी का गं?"

"नई. तुम्ही मांगे उनतात, तवपासून नईच."

चांदबीची नजर टोपलीकडे गेली.

मागच्या खेपेला ह्याच ओसरीवर प्रमिलाबाईने पाळी अडल्याचं सांगितलं होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही कूस उजवली नव्हती, त्यामुळे दुसरी शंका कुणालाच आली नाही. चांदबीच्या टोपलीत बांगड्यांखाली काढ्याची बाटली असायचीच. कपाशीच्या मुळाची साल, गाजराचं बी, जुना गूळ. बाटली देताना केवढी ऐट होती तिची! "मन्ही सून नईमानी बी आडेल व्हती. काढा पिधा आनि मोकळी व्हयनी. रगत जरा जास्तच गयं, पन गुण उना." जो काढा पाळी आणतो तो पोटातलं मूलही पाडतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? दिवस गेले असतील का, एवढं विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, विचारायची गरजच वाटली नाही.

"काढा पिधा का सगळा?" विचारताना तिचा आवाज चोराचा झाला.

प्रमिलाबाईने हात सोडवून घेतला. पदर तोंडाला लावून ती रडायलाच लागली.

"राग मानू नका, मावशी. मी पिधाच नई. सासू बोलनी, चांदबीना घरनं कोरडं चालस, वल्लं तोंडमा घेवानं नई. मी केळीले वती दिधा. तुम्ही इतली मायानी लई उनात, आनि मी..."

ह्या घरात चांदबीला पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. सासूबाईंच्या सोवळ्याचा तिला दर खेपेला राग यायचा आणि दर खेपेला तो पाण्याबरोबर गिळावा लागायचा. आज मात्र त्या म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. आणि असं वाटल्याचीच तिला लाज वाटली.

"बेस करं," ती म्हणाली. "रडू नको, पोरी. तुले दिवस जायेल शेतस."

प्रमिलाबाईचा हात आपसूक पोटावर गेला, आणि रडता रडता ती हसली. चांदबीने टोपलीतून अडीचच्या हिरव्या बांगड्या काढल्या. एकेक अलगद चढत गेली.

"आनि नईमा कशी शे?" डोळे पुसत प्रमिलाबाईने विचारलं. "तिले तं गुण उना ना तुम्हना काढाना?"

चांदबीच्या हातातली बांगडी तिथेच थबकली.

"बरी शे," ती म्हणाली.

ईदेला नईमाला बांगड्या भरताना अशाच दोन फुटल्या होत्या. "शीरखुर्मा कमी खाय," असं म्हणून चांदबी हसली होती आणि तिला अडीचच्या भरल्या होत्या. मग काही दिवसांनी नईमाने पाळी अडल्याचं सांगितलं. सासूने पुढे केलेला पेला तिने दोन्ही हातांनी घेतला आणि काही न विचारता तळापर्यंत संपवला.