पत्र पाहण्याचा हक्क

निमसे सरांनी मोबाइलवर अंगठा सरकवत चैतालीचं शिफारसपत्र वाचलं, दुसऱ्या परिच्छेदाशी थांबले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे पेठचं काढ."

चैताली टेबलाच्या अलीकडे उभी होती. गंगापूर रोडवरच्या या हॉस्पिटलात तिला दीड वर्ष झालं होतं, पण केबिनमधल्या खुर्चीत बस असं तिला अजून कुणी म्हटलं नव्हतं.

"का सर?"

"ती सापाची केस ना? ती सार्थकच्या पत्रात घातली मागच्या वर्षी."

सर हे इतक्या सहज म्हणाले, की क्षणभर तिला वाटलं, चूक आपलीच आहे. मग आठवलं. मागच्या वर्षी सर म्हणाले होते, "अमेरिकेच्या रेसिडेन्सीसाठी शिफारसपत्र कसं असावं, एक नमुना करून दे. तुलाही पुढे लागेलच." तिने करून दिला. 'मी या डॉक्टरचं काम जवळून पाहिलं आहे' अशी सरांच्या तोंडची सुरुवात. मजकूर सगळा स्वतःचा. फक्त नावाची जागा मोकळी.

सार्थक म्हणजे सरांच्या मेहुण्यांचा मुलगा. तो पेठला कधी गेला नव्हता. जुलैपासून ओहायोतल्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी, म्हणजे तिकडचं पुढचं प्रशिक्षण, करत होता.

"सर, त्या मुलीला मी..."

"अगं, केसचा काय सातबारा असतो? दोन पत्रांत तीच गोष्ट दिसली तर तिकडचे लोक माझं नाव टाकून देतील. दुसरं काहीतरी घाल. कष्टाळू, नम्र, सगळ्यांशी मिळून काम करते. तुला येतं की. आणि परवा अर्ज उघडणार ना? मग आजच टाकून दे. पासवर्ड शुभांगीकडे आहे."

*

☑ मी हे पत्र पाहण्याचा हक्क सोडत आहे.

अर्जात प्रत्येक पत्रासमोर हा चौकोन होता. त्यावर खूण केली नाही, तर तिकडे पत्राला तोंडदेखली स्तुती समजतात. म्हणून सगळेच करतात. चैतालीनेही केली होती. म्हणजे पत्र पाहण्याचा हक्क तिने सोडला होता, मग ते पत्र स्वतःच लिहिलं होतं, आणि आता सरांच्या पासवर्डने स्वतःच पाठवणार होती.

"तूच लिहून आण, मी सही करतो." कॉलेजपासून ती हे ऐकत आली होती. तेव्हा त्यात तिला सरांचा मोठेपणा वाटायचा.

*

अनुभव, नोंद पहिली.
*चार आठवडे. मिशिगन. निरीक्षक. रुग्णास स्पर्श करण्यास परवानगी नाही.*

महिनाभर ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती. हा अनुभव सगळ्यात वर घालायचा असतो.

अनुभव, नोंद चौथी.
*दोन वर्षं. ग्रामीण रुग्णालय, पेठ. बाह्यरुग्ण, बाळंतपणं, सर्पदंश. एका दुपारी नाग चावलेली नऊ वर्षांची मुलगी आली. बोलता बोलता तिच्या पापण्या मिटल्या, श्वास थांबला. व्हेंटिलेटर नव्हता. रुग्णवाहिका सुरगाण्याकडे गेली होती. मी घशात नळी घातली आणि श्वासाचा रबरी फुगा हाताने दाबत राहिले. गाडी आल्यावर सावळ घाटात*

अक्षरमर्यादा इथे संपली.

अर्जात ती मुलगी अजून घाटातच होती.

*

रिसेप्शनवरच्या शुभांगीने कॅलेंडर उचललं आणि मागे चिकटवलेली चिठ्ठी सोडवून दिली.

"घ्या मॅडम. शेवटचा एस मोठा आहे. सार्थकदादांचं पत्रही मीच टाकलं होतं. काय पत्र होतं हो! मला तर रडूच आलं."

"तुम्ही वाचलं?"

"मग? टाकायच्या आधी बघायला नको का? ती मुलगी वाचली ना शेवटी?"

चिठ्ठी चैतालीच्या बोटांत दुमडली गेली.

"वाचली."

"देवमाणूस हो सार्थकदादा. सहा तास हाताने श्वास दिला म्हणजे काय! आणि इथे साधं सलाईन लावायचं तर मला हाक मारायचे, शुभांगी, सिस्टरला पाठव."

सहा तास. म्हणजे सरांनी तासही वाढवले होते.

चैतालीने चिठ्ठीची घडी उलगडली, टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केली आणि शुभांगीकडे परत सरकवली. मग वळली. केबिनचं दार तिने वाजवलं नाही. आत जाऊन खुर्ची मागे ओढली आणि बसली.

"सर, मला तुमचं पत्र नको."

"नको म्हणजे?"

"पेठच्या भोये सरांकडून घेते."

"मंगळू भोये?" सर हसले. "भला माणूस आहे. पण पत्राला वजन लागतं, चैताली. इथून माझ्या पत्रावर पाच जण गेलेत. तिकडे पेठ कुणाला माहीत आहे?"

"सार्थकच्या पत्रात चाललं की पेठ."

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. काचा पुसल्या, पुन्हा लावला. त्यांनी टेबलावरची घंटा वाजवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. चैताली बसलेलीच होती. पेशंट आत आला तेव्हा त्याला खुर्ची द्यायला ती उठली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेठच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. रात्रभर निमसे सरांचा राग राग केला होता. रामशेजचा किल्ला मागे पडला आणि त्या रागातून दुसरा एक राग वर आला, त्याचं तिला काय करावं कळेना. तीन पत्रं कुणाकडून घ्यायची याची यादी तिने स्वतःच केली होती. पेठला ज्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली, ते भोये सर त्या यादीत नव्हते. पेठ चौथ्या नोंदीत ढकललं होतं ते तिनेच. पेठ सोडल्यापासून तिने त्यांना एकदाही फोन केला नव्हता.

भोये सर ओपीडीत एका म्हाताऱ्याचा कान बघत होते. मान वर न करता म्हणाले, "ये चैताली. काय काम काढलंस?"

म्हणजे काम असल्याशिवाय येणार नाही, हे त्यांनी धरलंच होतं. ती ओशाळली. म्हातारा बाहेर गेल्यावर तिने सगळं सांगितलं, आणि पत्र ज्या कोडने ऑनलाइन टाकायचं, त्याचा छापील कागद पुढे ठेवला.

"उद्यापर्यंत हवंय, सर. आणि ती सर्पदंशाची केस घालू नका. ती सार्थकच्या पत्रात घातली आहे."

"कुठली केस? पूजा?" भोये सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ती सातवीत आहे आता. परवा खरूज घेऊन आली होती इथे. तिला कुणी कशात घातली?"

चैतालीने टेबलावरच्या कागदाची कड सरळ केली.

"माझं इंग्रजी काही निमशासारखं नाही," ते म्हणाले. "आणि माझ्या पत्राने तुझं काम होईलच असंही नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग तुझा मसुदा दे. तसाच असतो ना रिवाज?"

तिचा हात पर्सकडे गेला. मसुदा होता. दोन होते. हात तसाच परत आला.

"मसुदा नाही, सर."

भोये सरांनी कागद जवळ ओढला. डोळे बारीक करून खालची ओळ वाचली, ओठ हलवत, एकेक शब्द. पुन्हा वाचली.

"तू हे पत्र बघायचा हक्क सोडलाय असं लिहिलंय इथे."

"हो."

"मग इथे काय बसलीस? बाहेर हो."

*

बाहेरच्या बाकावर ती आणि तीन पेशंट. आतून कीबोर्डचा आवाज येत होता. दोन बोटांचा. एक अक्षर, मग शोधाशोध, मग दुसरं. मध्येच बराच वेळ काहीच नाही. ते काय लिहीत असतील? वाईट असेल? दोन वर्षांत ती दोनदा ड्यूटीवर उशिरा आली होती. एकदा त्यांच्याशी वाद घातला होता, सगळ्यांसमोर. तेही लिहितील का?

"चैताली!" आतून हाक आली. "त्या दिवशी फुगा किती वेळ दाबला होतास?"

ती बाकावरून अर्धवट उठली आणि परत बसली.

"मला विचारू नका, सर. मी पत्र बघायचं नाही."

"मग कुणाला विचारू?"

"चार तास!" समोरच्या इंजेक्शनच्या खोलीतून सिंधू सिस्टर ओरडल्या. "वर वीस मिनिटं. मी घड्याळ बघत व्हते. म्हनलं, द्या मॅडम, मी दाबते जरा. तर ऐकंना! हात सोडंचना बाई. लय हट्टी."

"हट्टी," आत भोये सर स्वतःशी म्हणाले, आणि दोन बोटं पुन्हा सुरू झाली.

बाकावरच्या बाईने चैतालीच्या मांडीकडे पाहिलं. उजवी मूठ मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती. दर तीन सेकंदांनी एकदा.