खिळ्यावरची पिन

लॉन्ड्री बंद झाल्यावर इस्त्रीचं टेबल पेटलं. आग कोपऱ्यावरच विझली, पण सकाळी सगळ्यांची बोटं मावशीकडे वळली. शेवटची इस्त्री तिचीच. सव्वीस वर्षं रोज घरी जाताना इस्त्रीची पिन सॉकेटमधून काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवणारी बाई ती! तिला कालचा आलेला मॅनेजर म्हणतो, "मावशी, वाद नको. खरं काय ते कॉम्प्युटरच सांगेल."

इंटरनेटवरची परीक्षा होती. पडद्यावर वाक्य येणार. खरं असलं तर डाव्या हाताने डावं बटण, खोटं असलं तर उजव्या हाताने उजवं. आठवण खरी असली की बोट झटकन पडतं म्हणे. रेंगाळलं की खोटी. आणि खोटी ठरली, तर मावशी उद्यापासून घरी.

"अरे, डावी बोटं इस्त्रीखाली सापडून लाकूड झालीत माझी. ती झटकन कशी पडणार?"

"मशीनला कळतं सगळं."

'मी काल पिन काढली होती.' मावशीने अक्षराला अक्षर लावून वाचलं आणि ताठ बोट बटणावर दाबलं. निकाल आला: आठवण खोटी.

मॅनेजरने कबुलीचा कागद पुढे सरकवला. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांब. आता लिही, काउंटरवर बसते ती माझी मुलगी आहे."

"ते कशाला?"

"लिही की! नऊ महिने मी वागवलीय, तू नाही."

त्याने लिहिलं, तिने बटण दाबलं. आठवण खोटी.

काउंटरवरून मुलगी म्हणाली, "अगं आई, मग मी कुणाची?"

"याच्या मशीनची. लग्नाचंही तेच बघेल आता."

मॅनेजरचे कान लाल झाले. "ते राहू द्या. आगीचं काय?"

मावशीने त्याची बाही धरली आणि त्याला टेबलामागच्या भिंतीपाशी उभं केलं. भिंत काजळीने काळीकुट्ट. खिळ्यावर पिन लटकलेली, तीही काळी. सकाळपासून तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मावशीने ती उचलली. खाली भिंतीवर पांढरा स्वच्छ ठसा, हुबेहूब पिनेचा. वायरीचासुद्धा.

"धूर झाला तेव्हा पिन इथे होती. सकाळपासून त्या पडद्यात डोळे घालून बसलास, एकदा भिंत बघितली असतीस तर?"

मॅनेजरने कागद हळूच परत घेतला.

"आता टेबल कशानं पेटलं," मावशी पदर खोचत म्हणाली, "ते तू शोध. बस बटणं दाबत."