धुऱ्यापलीकडचे मंगोल

चौतीस वर्षं मी पिंपळगाव राजात इतिहास शिकवला आणि माझा हुकमी धडा म्हणजे मंगोल. हुलागूनं बगदाद बेचिराख केलं, खलिफाला गालिच्यात गुंडाळून घोड्यांखाली तुडवलं असं सांगतात, इथपर्यंत वर्ग चिडीचूप. मग मी विचारायचो, "मंग हरलं कोण?" चाळीस वर्षंही झाली नाहीत तोच हुलागूच्या पणतूनं कलमा पढला. जिंकणारे हरलेल्यांशी सोयरिकी करत गेले, त्यांच्यात मुरले आणि धार गेली. गुलाम रसूल सरांचा हा धडा कोणी विसरणार नाही, असा मला गर्व होता.

२०१७ चा जून. माझ्या वावराला लागून मंजुश्रीचं वावर. माझीच जुनी विद्यार्थिनी. बाप गेल्यावर भाऊ प्रसेनजित पुण्याहून म्हणाला, वावर ठोक्यानं, वर्षाची रक्कम ठरवून, कोणाला कसायला देऊन टाकू. हिनं एक वर्ष मागून घेतलं. कपाशी पिकली तर शेती तिच्या हातात, नाही तर वावर दुसऱ्याच्या.

लावणीच्या दिवशी मी बीटीची, म्हणजे अंगातच अळीचं जहर असलेल्या कपाशीच्या बियाण्याची, पिशवी फोडली आणि आत आलेलं साध्या सरकीचं छोटं पाकीट धुऱ्यावर, आमच्या दोन वावरांमधल्या बांधावर, भिरकावलं. सगळेच भिरकावायचे.

"सर, ते काऊन फेकलं? चारी बाजूनं त्याच्या पाच ओळी लावा लागते."

"अळीले जेवू घालाले वावर घेतलं का म्या?"

"घालाच लागते. बीटी खाऊन जगली ते अळी जहर पचवणारी. तिचं पाखरू साध्या कपाशीवरच्या पाखराशी जुळलं, त पिल्लं बीटीनं मरते. तुम्हीच त शिकवलं होतं न सर, मंगोलांचं."

पलीकडच्या वावरातून माणिकराव खो खो हसला. "मास्तर, पोरगी अळ्यांचे निकाह लावून राह्यली!"

मीही हसलो. खरं तर मला राग आला होता. आपलाच धडा आपल्याला कोणी शिकवावा, तोही माणिकरावासमोर, हे मास्तराला पचत नाही. "पोरी, इतिहास पेपरापुरता असते," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही जीभ चावावीशी वाटते.

तिनं पाच ओळी लावल्या. गावात तिच्याशिवाय कोणीच नाही.

ऑक्टोबरात माझ्या कपाशीची फुलं मिटलेलीच राहू लागली. बोंड फोडलं तर आत गुलाबी अळी, खाऊनपिऊन सुखी. तिची पाखरं अंधार पडताच धुरा ओलांडून मंजुश्रीकडे जायची. तिच्या पाच ओळी आणि भोवती अख्ख्या गावाची फौज. दिवाळीनंतर तिचंही वावर बसलं.

प्रसेनजित पुण्याहून आला, मंजुश्रीला घेऊन माझ्याकडेच. "सर, वावर तुम्हीच करा ठोक्यानं. शेजारी आहात, भला माणूस आहात."

मला राहवलं नाही. "अरे, हिचं वावर माह्या वावरानं खाल्लं. पाखरं माहीच होती."

"काय बोलता सर! कोणाचं वाचलं? माणिकरावांचंही गेलंच की."

सगळं गाव दोषी, म्हणून मी निर्दोष. मला लाज वाटली. त्याहून लाजेची गोष्ट अशी, की हायसंही वाटलं.

मी मंजुश्रीकडे पाहिलं. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "घ्या सर. दुसऱ्या कोणाले देण्यापरीस तुम्हाले गेलेलं बरं."

मी घेतलं. नाही म्हणायला तोंडात शब्द होता, पण वावर चांगलं काळंभोर होतं आणि माझ्या वावराला अगदी लागून.

दोन दिवसांनी ती भावाबरोबर निघाली. नांदुऱ्याहून गाडी होती. बॅग खांद्याला लावून एकटीच माझ्या दारात आली.

"येतो सर. जय भीम." उंबऱ्यापाशी घुटमळली. "कधी गावाले आलो, त वावरात एक चक्कर मारली त चालन न? काही तोडणार नाही, नुसतं पाहीन."

"ये की पोरी," मी म्हणालो. अगदी मोठ्या मनानं.